डॉर्सीची उन्हाळी परीक्षा

डॉर्सी माझा धाकटा भाऊ. आमच्या लुइझियानात फुटबॉल म्हणजे चेंडू छातीशी धरून पळत सुटायचं, आणि डॉर्सीचं काम त्या पळणाऱ्याला आडवा पाडायचं. पळणाऱ्यांची पोस्टरं लागतात. अडवणाऱ्याचं नाव टीव्हीवरचा माणूस धड उच्चारतही नाही. पण आमचं पोरगं मोठ्या टीमच्या बचाव फळीत मधोमध उभं राहायचं. रविवारी चर्च सुटलं की माझ्या पार्लरमधल्या बायका थेट माझ्या टीव्हीपुढे येऊन बसायच्या.

कॉलेज संपलं तेव्हा त्याला कुठल्याच टीमने निवडलं नव्हतं. बुटका आहे म्हणे. हा पठ्ठ्या तरी सरावशिबिरात गेला आणि धडका देऊन देऊन त्याने जागा मिळवली. ती जागा जाईल, ही धास्ती त्याला कायमची. बोट मोडलं की शेजारच्या बोटाला पट्टीने बांधायचा आणि उतरायचा. बरगडी मोडली तेव्हा महिनाभर खोकला दाबून खेळला. मी फोनवर ओरडायचे आणि तो हूं हूं करायचा.

डोक्याच्या माराला मात्र पट्टी चालत नाही. त्यासाठी दर उन्हाळ्यात शिबिर सुरू होताना टीमचे डॉक्टर परीक्षा घेतात. शब्द लक्षात ठेवा, आकडे उलटे म्हणा, आकृत्या जुळवा. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा, आणि उन्हाळ्यापेक्षा गुण कमी पडले तर बाहेर बसायचं. आता ह्या खेळणाऱ्या मेल्यांची अक्कल बघा. उन्हाळ्यातली परीक्षाच मुद्दाम वाईट द्यायची! म्हणजे मग डोकं गरगरत असलं तरी गुण तेवढेच येतात आणि खेळायला मिळतं. एका जुन्या खेळाडूने डॉर्सीला हे शिकवलं होतं. सोमवारी माझ्याकडे लाल घेवडा-भात चापताना तो हसत सांगायचा, डॉक्टरला वाटतं मी अगदीच ढ आहे. सगळे हसायचे. मला कधीच हसू आलं नाही.

गेल्या नाताळात सगळे जेवायला बसलो होतो. डॉर्सीने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "प्रॉस्परकाका आला नाही अजून?"

काकाला जाऊन दोन महिने झाले होते. शवपेटी उचलणाऱ्यांत डॉर्सी स्वतः पुढे होता. माझ्या नवऱ्याने कशीबशी थट्टा करून वेळ मारून नेली.

जेवणं झाल्यावर मी त्याला मागच्या पायऱ्यांवर नेऊन चांगला झापला. इथल्या शाळेला पोरांना फुटबॉल शिकवायला माणूस हवाय, म्हटलं, डोकं जागेवर आहे तोवर घरी ये. तो म्हणाला, एकच वर्ष. तो ऐकणार नाही हे मला ठाऊक होतं. मग मी त्याला आईची शपथ घातली: ह्या उन्हाळ्यात ती परीक्षा खरी द्यायची. मला वाटलं, निदान एकदा खरे गुण लागले, तर पुढे मार बसल्यावर डॉक्टर तरी त्याला बाहेर काढतील.

जुलैच्या अखेरीस भर दुपारी तो पार्लरच्या दारात उभा. शिबिर तर नुकतंच सुरू झालेलं. मी एका बाईचे केस धूत होते. तिला तशीच सोडून त्याला आतल्या खोलीत बसवलं.

"ताई, ह्या वेळी मी एकही उत्तर मुद्दाम चुकवलं नाही. घाम फुटेस्तोवर आठवत होतो."

"मग बरंच झालं की."

"डॉक्टर खूश झाले. म्हणाले, दरवर्षीसारखंच आहे, काही फरक नाही. खेळ बिनधास्त."

मला कळायला वेळ लागला. मुद्दाम ढ बनून जेवढे गुण पडायचे, तेवढेच आता जीव तोडून पडले होते. बाहेर ती बाई ओल्या केसांनी मला हाका मारत होती.

"डॉक्टरला सांगितलंस का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. "आधी तुला विचारावं म्हटलं. मी परत जाऊ की नको? तू सांगशील तसं करतो. माझ्या डोक्यावर माझा भरवसा नाही आता."

इतकी वर्षं मी घसा फोडून सांगत होते, माझं ऐक म्हणून. आज तो गुडघ्यांवर हात ठेवून शहाण्या पोरासारखा ऐकायला बसला होता. देवा, त्याने माझ्याशी भांडावं, एवढंच मला हवं होतं.

"नको जाऊस," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला.