पाचवी नदी

नेदरलँड्समधल्या आल्मेरे स्टेशनाबाहेर सायकली दुरुस्त करणारे एक आजोबा होते, मूळचे जावा बेटावरचे. दोन वर्षं माझी सायकल त्यांच्याच हाताखालून गेली, पण नाव विचारायचं राहूनच गेलं. हवा भरताना ते पंपाच्या दर खेपेला एका डच नदीचं नाव घ्यायचे. ऱ्हाइन, मास, वाल, आयसल, की पुन्हा ऱ्हाइन. जावावर डचांचं राज्य होतं तेव्हा शाळेत घोकलेलं.

एकदा मी आगाऊपणे विचारलं, "इतकं पक्कं शिकवत होते, मग स्वातंत्र्य कशाला हवं होतं तुम्हाला?"

ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "आमची नदी शाळेच्या मागेच होती. एका पावसाळ्यात ती वर्गात शिरली. मास्तर म्हणाले, पाय बाकावर घ्या आणि सांगा, ऱ्हाइन कुठून येते?"

"मग?"

"सांगितलं की! पैकीच्या पैकी मार्क मिळाले."

त्यांनी अंगठ्यानं टायर दाबून पाहिला. अजून थोडी हवा हवी होती. चार नद्या झाल्या. पाचव्या खेपेला त्यांनी जे नाव घेतलं, ते मी कधीच ऐकलं नव्हतं.