एडक्याची मागची सीट

गाडी विकता का, असं विचारत भागीरथाबाईंच्या फाटकाशी येणाऱ्याला चहा मिळतो. तोच प्रश्न त्याने दुसऱ्यांदा विचारला, तर चहा अर्धा राहिला असला तरी कप परत घेतला जातो. अकोल्यात हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. तरीही वर्षातून दोन-तीन जण येतातच. कोणाला ती हॉटेलच्या दारात शोभेला हवी असते, कोणाला लग्नात नवरदेव मिरवायला.

गाडी म्हणजे १९५१ ची डॉज किंग्जवे. अमेरिकन बनावटीची, चार दारांची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची. बॉनेटच्या टोकावर शिंगं वळवलेला चकचकीत एडका, म्हणून साऱ्या मोहल्ल्यात गाडीचं नावच एडका. भागीरथाबाई एकसष्ट वर्षांच्या. आयटीआयमध्ये पोरांना इंजिन शिकवण्यात त्यांची सारी नोकरी गेली. त्या स्वतः तिथे शिकायला गेल्या तेव्हा वर्गात एकट्याच मुलगी. शिवणकामाचा वर्ग शेजारी आहे, चुकून आलीस का, असं एकाने पहिल्याच दिवशी विचारलं. "चुकून तू आला असशीन," म्हणून त्या पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. बाईंचा स्वभाव तेव्हापासून काही निवळलेला नाही.

गाडी मूळची धामणगाव रेल्वे या गावच्या खुशालरावांची. त्यांचं कापसाचं जिनिंग होतं आणि भागीरथाबाईंचे वडील पुंजाजी त्यांचे ड्रायव्हर. तीस वर्षं पुंजाजींनी ती गाडी चालवली. जिनिंग बंद पडलं, मालकाची मुलं पुण्याला गेली, गाडी टिनाच्या शेडखाली उभी राहिली आणि टपावर कोंबड्या बसू लागल्या. पुंजाजींना ते बघवेना. चौऱ्याऐंशी साली त्यांनी ती भंगाराच्या भावात रीतसर विकत घेतली, कागद नावावर करून घेतले आणि अकोल्याला आणली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मागच्या सीटवर पांढरी चादर घातली. दर रविवारी चादर काढायची, मऊ ब्रशने सीट झाडायची, चादर धुवायची, वाळली की परत घालायची. त्या सीटवर कोणी बसत नसे. का बसत नाही, हे कोणी विचारतही नसे. चौदा एप्रिलला सारं घर गाडीतून निघायचं ते पुढच्या लांब सीटवर, एकाच्या मांडीवर दुसरा, गिअरचा दांडा ओढायला हात मोकळा नाही अशी दाटी. आणि मागे राजेशाही सीट चादर पांघरून रिकामी! छप्पन साली पुंजाजींनी धम्म घेतला होता. घरातले देव नदीत सोडले होते, कोणाच्या पाया पडणं बंद केलं होतं. पण ती चादर राहिली.

दोन हजार नऊ साली पुंजाजी गेले आणि रविवारचं काम मुलीने उचललं. "कापड जुनं हाय, असं आता भेटत नाई," असं त्या सांगत. ते खरंही होतं. खुशालरावांच्या अंगणात सात वर्षांची असताना त्या एकदा लपाछपीत त्या सीटवर जाऊन दडल्या होत्या. बापाने दंडाला धरून बाहेर ओढलं आणि सर्वांदेखत कानाखाली दिली. आयुष्यात त्याने तिला मारलं ते तेवढंच. भागीरथाबाई ही गोष्ट कोणाला सांगत नाहीत.

मार्चच्या शेवटच्या रविवारी अमरावतीत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. एरवी असल्या ठिकाणी बाई जायच्या नाहीत. पण या वेळी एक गोष्ट त्यांच्या मनात बसली. सगळ्यात अस्सल राहिलेल्या गाडीला पहिला नंबर, आणि मालकाचं नाव माइकवरून पुकारणार. बाईंनी फॉर्मवर मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव न घालता वडिलांचं घातलं. बापाचं नाव एकदा भर मैदानात, गाडीचा मालक म्हणून, हजार माणसांनी ऐकावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. त्यासाठी त्या महिनाभर एडक्याला घासत होत्या.

पहाटेच निघाल्या. शेजारी पुढच्या सीटवर त्यांची आई, मनकर्णाबाई, चौऱ्याऐंशी वर्षांची. इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं तरट गुंडाळलेलं. आपल्याकडच्या उन्हात पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि जुनी गाडी रस्त्यात बसते. ओलं तरट हा पुंजाजींचा इलाज. मैदानावर पोचताच आयोजक सूर्यभानजींनी बॉनेट उघडून नाक मुरडलं. हे पोतं बरं दिसत नाही, परीक्षक येतील, काढा. बाईंनी काढलं आणि कोणीतरी ते कचऱ्यात नेऊन टाकलं.

परीक्षक मात्र मागच्या सीटवर भाळले. चादर उचलून त्यांनी करड्या कापडावरून हात फिरवला. "सत्तर वर्षांचं कापड आणि एक डाग नाही! इथे कोणी बसतच नाही की काय?"

"चाळीस वर्षांत एकबी माणूस नाई," बाईंनी अभिमानाने सांगितलं.

सूर्यभानजी नंतर हळूच येऊन म्हणाले, "पहिला नंबर तुमचाच समजा. निकाल चार वाजता. तोवर सीटला कोणाचा हात लागू देऊ नका."

दोनच्या सुमाराला ऊन मी म्हणू लागलं. मनकर्णाबाई मडगार्डला टेकून उभ्या होत्या, डोक्यावर पदर, ओठ कोरडे.

"भागीरथा, जरा मागं आंग टाकू का व? कंबर धरून राहिली."

"नाई माय. निकाल लागू दे. पुढं बस तवरिक."

"पुढं पाय पसरत नाई," म्हणत म्हातारी तशीच उभी राहिली.

तेवढ्यात एक पंचेचाळिशीचा, गोरटेला, हसतमुख माणूस आला. "तुम्ही पुंजाजीच्या कन्या ना? मी गोपाल. खुशालरावांचा नातू." प्रदर्शनाची बातमी वाचून तो मुद्दाम पुण्याहून आला होता. बाईंना खरंच बरं वाटलं. माणूस वाईट नव्हता. एडक्यावरून त्याने हात फिरवला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"आजोबा इथेच बसायचे ना?" असं म्हणत तो मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. नुसता उभा. दाराला त्याने हात लावला नाही.

आणि भागीरथाबाईंचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी दार उघडलं. चादर काढून घडी केली. एक पाऊल मागे सरकून, जराशा वाकून, त्या दार धरून उभ्या राहिल्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी शिकवलंही नव्हतं. लहानपणी हजारदा पाहिलं होतं, तेवढंच.

गोपाल आत बसला. मोबाइल निघाले. सूर्यभानजींनी तर टाळ्याच वाजवल्या. "वा! मालक आपल्या जागेवर!"

"पुंजाजीने काय जपली हो आमची गाडी," गोपाल आतून म्हणाला. "अशी माणसं आता मिळत नाहीत."

बाईंनी वर पाहिलं. गाडीच्या पलीकडे त्यांची आई अजून उन्हात उभी होती. संतापाने त्यांचे कान तापले. आधी स्वतःचाच राग आला, या हाताचा, पंधरा वर्षं चादर धुणाऱ्या या हाताचा. मग बापाचा आला. त्याच्यावर त्या आयुष्यात कधी रागावल्या नव्हत्या.

"उतरा," त्या म्हणाल्या.

"एकच फोटो अजून..."

"उतरा म्हटलं ना. गाडी तुमची नाई होय. चौऱ्याऐंशी सालापासून नाई. माह्या बापानं पैसे मोजून घेतली, आन् तुमच्यासाठी नाई जपली. त्याच्या मनात काय होतं ते त्याले मालूम. पण आता गाडी माही हाय आन् मी सांगून राहिली, उतरा."

गोपाल उतरला. चेहरा पडला होता. "मावशी, माझा तसा अर्थ नव्हता."

"नसन. म्या काई तुमाले वाईट माणूस म्हटलं नाई," बाई म्हणाल्या आणि वळल्या. "माय, ये. बस इथं."

"मी?" मनकर्णाबाई दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. "चपला काढू?"

"काढू नको."

सूर्यभानजी धावत आले. "अहो बाई, काय करता? चपलांची माती लागेल. पहिला नंबर हातचा जाईल!"

"हे सायेब बसले तवा नंबर कुठं गेलता?"

सूर्यभानजी नियमावर आले. निकालाआधी सीट वापरली तर नाव कटेल, लिहून दिलंय तुम्ही.

"काटा," भागीरथाबाई म्हणाल्या. "तुमच्या माइकवर माह्या बापाचं नाव नाई आलं तं नाई आलं. आरसीवर हाय."

बोलताना आवाज चिरकला, कारण ते नाव ऐकायलाच त्या आल्या होत्या. पण त्यांनी आईला मागे बसवलं, दार आपटून लावलं आणि एडका मैदानाबाहेर काढला. सरळ घरी न जाता गजबजलेल्या राजापेठेतून नेला, तोही अगदी सावकाश. ट्यूशनची पोरं स्कूटी थांबवून शूटिंग करू लागली. मागे काचेशी एक म्हातारी पदर सावरत बसलेली, आणि पुढे बाई गरज नसताना हॉर्न वाजवतायत.

बडनेऱ्याच्या पुढे गाडीने दोन झटके दिले आणि बसली. पंप तापला होता. तरट मैदानावरच्या कचऱ्यात. बाईंनी डिकी पाहिली, पुढची सीट पाहिली. कापड म्हणावं असं एकच होतं, आईच्या शेजारी घडी घालून ठेवलेली चादर. त्यांनी ती उचलली. धुऊन धुऊन पातळ झाली होती. क्षणभर त्या ती हातात धरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मग दातात टोक धरून टर्रकन फाडली. बाटलीतलं पाणी ओतून पट्टी पंपाला गुंडाळली, दहा मिनिटं थांबल्या आणि बटण दाबलं. एडका सुरू झाला.

मूर्तिजापूर मागे पडलं. आरशात चाळीस वर्षं पांढरी चादर दिसायची, तिथे आता आईचा चेहरा होता. म्हातारी एकदा इकडे सरकली, एकदा तिकडे. सीट दाबून पाहिली.

"भागीरथा."

"काय व माय?"

"मऊ तं काईच नाई हे. स्प्रिंगा टोचून राहिल्या. तुह्या बापाच्या सुतळीच्या बाजेवर याच्याहून बरी झोप लागे."

भागीरथाबाईंना हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही. "मंग पुढं येतं का? थांबवू गाडी?"

"काहून?" मनकर्णाबाईंनी चपलांसकट पाय वर घेतले आणि सीटवर लांबवर पसरले. "आता तं मी इथंच बसते."