पोटात मोटार असलेला नंदी

नागपूरहून पवनीची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर तारा, पकड आणि दोन जादा मोटारींची पिशवी होती. कंडक्टरनं तिच्यात डोकावून विचारलं, "काय दुरुस्त करायले जाऊन राहिल्या, मॅडम?"

"नंदीबैल," मी म्हणाले. त्यानं तिकीट दिलं आणि पुढे सरकला.

मी नागपुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या रोबोटिक्स क्लबात. सुट्टीत आम्ही गावोगावच्या मुलांना छोटे रोबो जोडायला शिकवतो. आसगावची रजनी अशीच पवनीत भेटली. अकरावीतली, बोलायला लाजाळू, पण मोटार हातात आली की सोडायची म्हणून नाही. निघताना मी तिला क्लबातल्या जुन्या मोटारी, बॅटरी आणि एक सर्किट देऊन टाकलं. ते सगळं तिनं तान्ह्या पोळ्याच्या नंदीत बसवलं. मग एके दिवशी फोन आला. "ताई, नंदी चालते. पण बाबा माझ्याशी बोलून नाही राहिले. तुम्ही या ना."

आपल्याकडे साताऱ्यात बेंदूर असतो, इकडे पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. चाकांवरचे लाकडी नंदी सजवून, दोरीनं ओढत मुलं देवळापुढे आणतात. मी हे पहिल्यांदाच पाहणार होते.

पवनीला गाडी बदलली. आसगावच्या वाटेवर दोन्ही बाजूंना बांध्या (भाताची खाचरं) पाण्यानं आणि हिरव्या धानानं भरलेल्या. असा हिरवा रंग मी घाटावर कधी पाहिला नाही. थांब्यावर रजनी न्यायला आली होती. तिच्या मागे धुऱ्यावरून (बांधावरून) मी मोठ्या ऐटीत चालायला गेले आणि एक पाय थेट चिखलात. चप्पल आतच राहिली. रजनीनं कोपरापर्यंत हात घालून ती काढली आणि तोंडावर ओढणी धरून हसली. पट्टा तुटला होता, म्हणून गावभर मी एका पायानं अनवाणी मिरवले.

घरी रजनीच्या आईनं, काकूंनी, धोप्याच्या (अळूच्या) पानांच्या वड्या केल्या होत्या. "खा बाई, लाजू नोको," म्हणत त्या वाढतच राहिल्या. रजनीचे वडील ओसरीवर जेवले. मला "प्रवास बरा झाला ना?" एवढं विचारलं. रजनीनं पाणी पुढे केलं तेव्हा तांब्या घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

जेवणानंतर तिनं नंदी दाखवला. सागवानाचा, गुडघ्याएवढा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. तिच्या आजोबांनी तो कोरला होता तिच्या बाबांसाठी. लहानपणी त्यांनी ओढला, नंतर तिनं. आजोबा आता नाहीत. बॅटरी बसवायला तिनं करवतीनं नंदीचं पोट कापलं, आणि त्या दिवसापासून घरात बोलणं बंद.

"बारावीनंतर मले नागपूरले यायचं आहे, ताई. तुमच्यासारखं शिकायचं आहे. पण आता बाबाले विचारू कोणत्या तोंडानं?"

मोटारी मीच दिलेल्या. मी आपली तारा तपासत बसले. आधी एक चाक उलटं फिरायचं आणि नंदी जागच्या जागी गोल गोल, असं ती सांगत होती. मी म्हटलं, पहिला रोबो सगळ्यांचाच गोल फिरतो. आमचा तर कॉलेजच्या सरांच्या पायाभोवती फिरला होता. तेव्हा कुठे ती जरा हसली.

दुपारी मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. त्याखाली नंदींची रांग. बेगडाची शिंगं, झुली, घुंगरं. टोप्या घातलेली पोरं दोऱ्या धरून उभी. त्यांच्यात रजनी एकटीच एवढी मोठी, आणि तिच्या नंदीला दोरीच नव्हती. त्याला चालवायला हातात फक्त फोन. पानठेल्यापाशी तिचे वडील उभे होते, पाठमोरे.

तोरण तोडलं आणि नंदी निघाले. रजनीचा नंदी एकटाच, मान ताठ ठेवून, डुलत पुढे गेला. "अरे, आपल्या मनानं चालते!" म्हणत गर्दी धावली. मी खुळ्यासारख्या टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात तोरणाची पडलेली पानं चाकात गुंडाळली गेली. मोटार कण्हली, जळका वास आला, आणि नंदी थांबला.

"नंदीले ताप आला!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. रजनी खाली बसली, पानं ओढू लागली. माझ्या जादा मोटारी रजनीच्या घरीच राहिल्या होत्या.

गर्दीतून तिचे वडील पुढे आले. खांद्यावरच्या दुपट्ट्याखालून त्यांनी एक मळकी दोरी काढली. नंदीचीच होती ती. तिनं काढून ठेवलेली, आणि त्यांनी जपून आणलेली.

"दोरी काहून काढली?"

"बाबा, आता तो आपल्या मनानं चालते."

"चालू दे ना. पण थकला का मंग कोण नेईन त्याले?"

त्यांनी नंदीच्या नाकात दोरी ओवली, गाठ मारली आणि टोक तिच्या हातात दिलं. रजनी रडत रडतच उठली आणि नंदी ओढत निघाली. ते तिच्या शेजारून चालले, देवळापर्यंत, मग घरोघरी ओवाळून घ्यायलाही. मी मागे होते, डोळे पुसत.

संध्याकाळी ओसरीवर त्यांनी नंदी आडवा घेतला आणि कापलेल्या भोकाच्या कडा कानसीनं घासल्या. मग फळीचा एक तुकडा घेऊन त्याला छोटी बिजागरी ठोकायला लागले.

"झाकण लावतो," ते रजनीला म्हणाले. "नागपूरले नेशीन त घडी घडी उघडा लागन ना."

काकू चुलीपाशी थबकल्या. रजनीनं पुढचा खिळा त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत माझी पिशवी हलकी होती. जादा मोटारी तिथेच ठेवून आले होते. खिडकीतून बांध्या मागे पडत होत्या आणि मला साताऱ्याच्या घराची, माझ्या बाबांची फार आठवण आली. पवनीच्या स्टँडवरून त्यांना फोन केला, उगीचच.

क्लबात परतल्यावर आमच्या नव्या रोबोच्या पुढच्या पट्टीला मी एक कडी बसवली. पोरं विचारतात, ही कशाला? मी सांगते, दोरी बांधायला. थकला तर कुणीतरी न्यायला हवं ना.