रोहण्यातली कापसाची ऊब

पुलगावच्या फलाटावर उतरले तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि माझे दात एकमेकांवर आपटत होते. आम्हा रत्नागिरीकडच्या माणसांची थंडी पहाटे पदर खांद्यावर ओढून घेतला की भागते. त्या भरवशावर एक पातळ शाल घेऊन मी आगबोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने इतक्या लांब आले होते. कामगिरी आईने नेमून दिली होती. माझी धाकटी बहीण सुशीला वर्धा जिल्ह्यातल्या रोहणा गावी सरकारी नर्स होती. तिची समजूत घालायची, राजीनामा द्यायला लावायचा आणि तिला घरी आणायचं. "एकटी पोर, परका मुलूख," आई म्हणाली होती, आणि मलाही ते पटलं होतं.

पुलगावहून आर्वीकडे छोटी गाडी जाते. तिच्या डब्यात समोर रजेवर आलेला एक जवान बसला होता. माझी अवस्था पाहून त्याने आपली घोंगडी माझ्याकडे सरकवली.

"इकडे नेहमीच अशी थंडी असते का हो?" मी विचारलं.

"नाई बाई. यंदाच अशी पडली. मी काश्मिरात होतो, तिथं नळातलं पाणी गोठून नळ फुटत. आमी नळांले बारदान (पोत्याचं कापड) गुंडाळून ठेवत होतो, आन् तोटी जराशी चालू. धार वाहती राह्यली का गोठत नाई."

"आणि घरं कशी गरम ठेवता?"

"पयले फटी बुजवा लागते. आग कितीबी पेटवा, वारा आत येऊन राह्यला तं काई उपेग नाई."

बाहेर काळी जमीन मैलोगणती पसरली होती. वेचणी होऊन गेलेल्या कपाशीच्या काड्या, इकडे त्यांना पऱ्हाटी म्हणतात, धुक्यात उभ्या होत्या. मधूनच संत्र्याची बाग यायची. बांधावरच्या गवतावर पांढरा थर दिसला. मला ते दव वाटलं. हिव गोठलं आहे आणि तुरीचा बहर त्याने जळाला आहे, असं जवानाने सांगितलं.

रोहण्याला सुशीला घ्यायला आली नव्हती. स्टेशनबाहेर संत्री विकणाऱ्या बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी नर्सबाईच्या बहीण ना? तोंडवळा तोच हाय. त्या भागाबाईच्या घरी गेल्या, कालपासून तिथंच हायेत," असं म्हणून तिने टोपली शेजारणीवर सोपवली आणि माझी ट्रंक उचलून मला गावाच्या टोकाच्या मोहल्ल्यात आणून सोडलं. तिथली घरं बौद्ध झालेल्या कुटुंबांची होती. भागाबाईच्या घराला तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या काड्यांचा, कूड आणि वर कवेलू (कौलं). आत शिरताच समोर बुद्धाची तसबीर दिसली. नवी होती, आणि तिची काच लख्ख पुसलेली होती.

"जयभीम बाई," दारातला तरुण म्हणाला. तो भागाबाईचा मुलगा किसन. त्याची बायको रुखमा आदल्या सांजेला दिवस भरण्याआधीच बाळंत झाली होती.

सुशीलाने माझ्याकडे पाहिलं, हसली आणि म्हणाली, "ताई, आधी पाणी उकळायला ठेव." वर्षभराने भेटलेली बहीण. एवढंच बोलली.

मूल मी नंतर पाहिलं. ओंजळीत मावेल एवढी मुलगी. ओठ निळसर, रडणं मांजरीच्या पिलासारखं. कुडाच्या फटींतून वारा सरळ तिच्या अंगावर येत होता. तेवढ्यात भागाबाई इस्तवाने (निखाऱ्यांनी) भरलेली शेगडी घेऊन आत आली. पऱ्हाटीच्या धुराने खोली भरली. सुशीलाने उठून शेगडी तिच्या हातून घेतली आणि बाहेर नेऊन ठेवली.

भागाबाई भडकली. "काऊन नेली? माह्ये दोन लेकरं असेच थंडीनं गेले. इस्तो नसन तं हे कसं वाचन?"

"माय, या धुरात तिले श्वास घेता येत नाई," सुशीला म्हणाली. मी पाहतच राहिले. ही आमची सुशी इकडच्या बोलीत बोलत होती, आणि इतकं सहज. "तिले धूर नाई पायजे, ऊब पायजे. तुमच्या गाठोड्यातला कापूस द्या मले."

तो कापूस भागाबाईने स्वतःच्या गादीसाठी मूठमूठ जमवला होता. तिने एकदा बाळाकडे पाहिलं. मग कोपऱ्यातलं गाठोडं ओढून तिने गाठ सोडली.

मी जवानाचं बोलणं सांगितलं. नळ गोठण्याची गोष्ट ऐकून किसन पहिल्यांदा हसला. "आमच्या मोहल्ल्यात नळच नाई बाई, गोठन काय?" पण बारदानाची गोष्ट त्याने मनावर घेतली. तासाभरात दारावर पोती टांगली गेली. शेजारच्या बायका आपापल्या घरचा कापूस घेऊन आल्या. कुडाच्या फटींत, कवेलूंच्या खाली, दाराच्या चौकटीला, जिथे बोट शिरेल तिथे कापूस कोंबला. बाहेरून भिंतीला कुटाराची (कडब्याच्या भुश्श्याची) पोती रचली. चूल अंगणात पेटली, आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत देण्याचं काम माझ्याकडे आलं.

सुशीलाने बाळाला कापसात लपेटलं नाही. त्याला उघडंच रुखमाच्या छातीशी बांधलं, कातडीला कातडी, आणि कापूस वरून पसरला. रुखमाला ग्लानी आली की भागाबाई बाळ घेई. एकदा मीही घेतलं. पदराखाली ते इवलंसं धडधडणं लागलं आणि मला हलायचीही भीती वाटली.

दोन दिवस थंडी हटली नाही. घरात कुणी धड निजलं नाही, पण जेवण वेळेवर होई. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, तुरीचं वरण. भागाबाईने विचारलं, "सांभार टाकू का?" मुंबईच्या हॉटेलात चाखलेलं सांबार आठवून मी हो म्हटलं आणि वाटी पुढे केली. तिने वरणावर चिमूटभर चिरलेली कोथिंबीर टाकली. इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. माझा चेहरा पाहून रुखमासुद्धा अंथरुणात हसली.

तिसऱ्या सकाळी पोरीचे ओठ गुलाबी झाले होते. ती स्वतःहून दूध ओढू लागली, आणि मग अशी खणखणीत रडली की शेजारणी दाराशी जमल्या. भागाबाई अंगणात शेगडीपाशी एकटीच बसून डोळे पुशीत होती.

दुपारी आम्ही दोघी सुशीलाच्या खोलीवर आलो. मी विषय काढायच्या आधी तीच म्हणाली, "आईने न्यायला पाठवलंय ना? एवढी मोठी ट्रंक आणि निम्मी रिकामी."

"येतेस?"

"ताई, वर्षभर या बायका बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी मला हलवू देत नव्हत्या. परवा पहिल्यांदा भागाबाईने ती बाहेर राहू दिली. आता कुठे माझं काम सुरू झालंय."

तिचे हात पाहिले. पाण्याने आणि थंडीने उलले होते. मी आईचा निरोप पुन्हा उच्चारला नाही.

परतीच्या वेळी किसन स्टेशनवर आला. त्याने संत्र्यांनी ट्रंक भरून दिली. घरी पोचले तेव्हा आई पडवीतच होती. माझ्या मागे पाहत राहिली, मग आत वळली. मी सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "पोर जगली ना?"

"जगली."

प्रवासाला निघालेला माणूस मुलूख बघायला जातो. वर्ध्याचा मुलूख मी पाहिला, पण मनात भरली ती माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली आणि मला न कळलेली माझी बहीण. दुसऱ्या दिवशी विहिरीवर शेजारणीने आईला विचारलं, "का हो, सुशीला नाही आली?"

आई राहाट ओढता ओढता थांबली. ताठ मानेने म्हणाली, "ती कशी येईल? तिकडे तिच्यावाचून अडतं."