याले पायजे काय?

"याले पायजे काय, गुरुजी?"

नव्या नाटकाच्या वाचनात खलनायक आला की गालात तंबाखूचा खर्रा सरकवून ते एवढंच विचारायचे. वडशाच्या आमच्या नाटक कंपनीत ते वीसेक वर्षं खलनायक करत होते. मी शाळेत मास्तर आणि कंपनीचा लेखक. सारे त्यांना भाऊ म्हणत. पावसाळ्यात ते गावच्या तलावात मासे धरायचे आणि दिवाळीनंतर मंडया, म्हणजे रात्रभर नाटकं चालणाऱ्या जत्रा, सुरू झाल्या की गावोगाव बायकांच्या शिव्या खायचे.

"भाऊ, तो दुष्ट आहे," मी म्हणायचो.

"दुष्ट त हाये. पन कायच्यासाठी? पोटात दुखल्याबिगर कोनी कन्हत नाई."

मग त्यांच्या गावची गोष्ट यायची. तलावाचं गेट मोडलं होतं, साऱ्यांचं धान वाळत होतं. एका माणसाने खपून ते दुरुस्त केलं. लोकांनी कौतुकाने गेटाची किल्ली त्याच्याकडेच ठेवली. "बस, तिथून बिघडला," भाऊ म्हणायचे. "आधी त्याले पानी पायजे होतं. मंग पानी आपल्याच हातून सुटाले पायजे होतं. खलनायक तिथी पैदा होते, गुरुजी."

तुम्ही म्हणाल, मासे धरणाऱ्या माणसाला एवढं कुठून कळलं? मी बी.एड. होतो, मला कळलं नव्हतं.

एकदा नाटकात त्यांनी आईला घराबाहेर काढलं. सकाळी मंडईतली चहावाली बाई कडाडली, "मायले हाकलनाऱ्याले माह्या इथी चहा नाई!" भाऊंना कोण आनंद! भेटेल त्याला सांगत सुटले, "बाईनं चहा नाई देल्ला!"

पुढे नाटक बसवायचं कामही माझ्याकडे आलं आणि माझं डोकं फिरलं. आमच्याकडे तालमी नावापुरत्या. समोर बसलेला प्रॉम्प्टर वाक्य देतो, नट ते आपल्या परीने फुलवतो. मी फतवा काढला, माझा शब्द बदलायचा नाही. भाऊंनी बदलला. शेवटच्या प्रवेशात गडगडाटी हसायचं सोडून ते "मलेबी कोनी विचारा ना" म्हणत रडले. सारा मांडव चूप झाला. मी मात्र पेटलो. आत आल्या आल्या त्यांना सांगितलं, पुढच्या हंगामात तुम्ही नाही.

त्यांनी शांतपणे रंग पुसला. "गुरुजी, तुमाले पायजे काय?"

"नाटक चांगलं व्हायला हवं."

"ते त मलेबी पायजे," म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले.

नव्या नटाने माझा शब्दन्‌शब्द म्हटला. लोक शेंगा खात राहिले.

दोन वर्षं मी ताठ्यात काढली. मग नवं नाटक घेऊन त्यांच्या गावी गेलो. भाऊ दारात जाळं विणत होते. "या गुरुजी," म्हणाले, जसं काही झालंच नव्हतं. मला फार लाज वाटली. मी वाचायला लागलो. नाटकात एक नाटककार होता, चांगल्या नाटकापायी एकेक जिवाचा माणूस तोडत जाणारा. वाचन संपलं, तरी त्यांचा तो प्रश्न आला नाही.

"भाऊ, ही भूमिका तुमची."

"नाई गुरुजी. हा तुमीच करा. मी खाली बसून पायतो." आणि इतके हसले की मलाही हसू आवरेना.

त्याच वर्षी पावसाळ्यात भाऊ तापाने गेले.

दिवाळीनंतर मी ती भूमिका केली. सकाळी रंग अर्धवट पुसून मंडईत चहाला गेलो. तीच बाई. तिने मला नीट न्याहाळलं आणि भरलेला कप मागे घेतला.

"भाऊ, बाईनं चहा नाई देल्ला!" म्हणत मी मागे वळलो. मागे कुणीच नव्हतं.