हॉपरला पडलेले पोचे

"लोखंडालाही कान असतात, फक्त ते माणसासारखं ऐकून न ऐकल्यासारखं करत नाही," असं ठोकेमामा एकदा कारखान्याच्या मालकांना म्हणाले होते. मालक हसले. मालक हसले म्हणून सुपरवायझर हसला, आणि त्या दिवसापासून मामा तत्त्वज्ञ झाले.

कारखाना गुरांच्या खाद्याचा. कोंडा, भरडा, पेंड सगळं आधी हॉपरमध्ये पडायचं. हॉपर म्हणजे दोन मजले उंच लोखंडी नरसाळं. वरून माल गिळायचा आणि खालच्या तोंडातून धावत्या पट्ट्यावर सोडायचा, एवढंच त्याचं आयुष्य. पण कोंड्याची जात चिवट. मध्येच तो एकमेकांना धरून कमान करून बसे, आणि खाली पट्टा रिकामाच धावत राही. मग हाक जाई, "मामा!"

मामा खांद्यावर हातोडा टाकून येत. घाई कधीच नसे. वैद्यानं नाडी बघावी तसा हॉपरला तळवा लावत, डोळे मिटत, आणि मग धाडकन एक ठोका. कधी दोन. आत धप्पकन काही कोसळे, कोंडा ओघळू लागे, पट्टा भरे, आणि कोण कोण बघत होतं ते मामा हळूच बघून घेत.

आपल्याशिवाय कारखाना चालत नाही हे मामांना ठाऊक होतं. इतरांना ते ठाऊक नसण्याची सोय त्यांनी ठेवली नव्हती. रजा ते घेत नसत. आजारी पडायचं तर सुट्टीच्या दिवशी पडत. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात भरल्या ताटावरून उठून गेले, कारण फोन आला होता, तुंबलंय. निघताना त्यांच्या चेहऱ्यावर लढाईला निघालेल्या राजाचं तेज होतं. बायकोच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघायला ते थांबले नाहीत.

गंमत अशी, की तुंबणं वर्षागणिक वाढतच चाललं होतं. पूर्वी आठवड्यातून एखादा ठोका पुरत असे. आता हॉपर दिवसभर हाका मारी. माल निकृष्ट येतो, असं मामा म्हणत. हवा दमट झाली, असं सुपरवायझर म्हणे. मालकांनी तुंबण्याचा अभ्यास करायला समिती नेमली. समितीनं बराच चहा पिऊन शिफारस केली, की मामांना आणखी जड हातोडा द्यावा.

जड हातोड्यानंही भागेना, तेव्हा नवा हॉपर आला. उभ्या उताराचा, आतून आरशासारखा गुळगुळीत. त्याच्याबरोबर एक तरुण इंजिनिअर बाई आल्या. सुपरवायझरनं मामांना कोपऱ्यात घेतलं.

"मामा, हे चाललं तर तुम्हाला पोती शिवायला बसवणार आहेत. वरून ठरलंय."

"आणि नाही चाललं तर?"

"तर तुम्ही आहातच की!"

"मग काळजी सोड," मामा म्हणाले. "कोंडा मला ओळखतो. बाईंना नाही ओळखत."

जुना हॉपर काढायला म्हणून रिकामा केला, तेव्हा बाईंनी मामांना बोलावलं. हॉपरच्या कुशीत एक छोटं झाकण होतं. ते उघडून त्यांनी मामांच्या हातात टॉर्च दिला. "मामा, जरा आत डोकं घाला."

आत शिळ्या कोंड्याचा वास कोंडला होता. उजेड भिंतीवरून फिरला. बाहेरून जिथं जिथं ठोक्याचा पोचा, तिथं तिथं आत उंचवटा, आणि प्रत्येक उंचवट्यावर दगड झालेला कोंडा, जुन्या भाडेकरूसारखा ठाण मांडून. सगळी भिंत मामांच्या हस्ताक्षरानं भरली होती.

"दिसलं?" बाहेरून बाई म्हणाल्या. "भिंत साफ असली की माल घसरतो. तुम्ही ठोकलं, पोचा पडला. पोच्यावर माल अडला. अडला म्हणून पुन्हा ठोकलं."

"म्हणजे माझ्यामुळे तुंबत होतं?"

"सुरुवातीला नाही, मामा." बाई अवघडल्या. "नंतर मात्र… बहुतेक तुमच्यामुळेच."

मामांनी बराच वेळ डोकं बाहेर काढलं नाही.

संध्याकाळी घरी ते गप्प बसलेले पाहून बायकोनं विचारलं, "काय हो, कुणी गेलं का?"

"हॉपर मीच तुंबवत होतो म्हणे. ठोकून ठोकून."

भांडी घासता घासता तिचा हात थांबला. "म्हणजे माझ्या भावाच्या लग्नात ताटावरून उठलात, ते स्वतःच मारलेली गाठ सोडवायला?"

"तेव्हा कुठं माहीत होतं गं?"

"माहेरचे अजून विचारतात मला, जावयांचा कारखाना चालतो ना, का आम्ही जेवत होतो तेवढ्यात बुडाला?" मग ती जरा नरमली. "आता काय करणार?"

"नवा चालला तर पोती शिवणार."

"आणि बंद पडला तर?"

मामा तळव्यावरचे घट्टे चोळू लागले.

"तर पुन्हा ठोकाल," ती म्हणाली, "आणि मी पुन्हा एकटी जेवायला बसेन." भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

उद्घाटनाला खुर्च्या मांडल्या होत्या, माइक होता, पाहुणे होते. माल आयत्या वेळी भरा, असं बाईंनी बजावलं होतं. पण भरलेला हॉपर शोभून दिसतो, म्हणून सुपरवायझरनं तो आदल्या दिवशीच काठोकाठ भरून ठेवला होता. कोंडा आपल्याच भाराखाली दबून घट्ट बसला. मालकांनी भाषण केलं, बटण दाबलं. टाळ्या झाल्या. पट्टा धावू लागला, रिकामा.

मालकांनी सुपरवायझरकडे बघितलं. सुपरवायझरनं बाईंकडे बघितलं.

"दाबून बसलाय," बाई म्हणाल्या. "खालून सळईनं मोकळा करावा लागेल. तासभर तरी जाईल."

"तासभर?" मालक म्हणाले. "पाहुण्यांना काय पट्टा दाखवत बसू?"

आणि मग सगळ्यांना एकदमच आठवण झाली. "मामा! अहो, मामा कुठायत?"

मागच्या रांगेतून मामांना हाताला धरून पुढे आणलं. कुणीतरी हातोडा दिला. "आज लाज तुमच्या हातात," मालक माइकमध्येच म्हणाले. पुन्हा टाळ्या.

मामांनी तळवा टेकवला. पत्रा गार होता, एक ओरखडा नव्हता, आणि त्यात त्यांचाच चेहरा दिसत होता. एक ठोका, मग एक पोचा. पोच्यावर अडलेला कोंडा, मग दुसरा ठोका. पोती शिवणं टळलं असतं. उरलेल्या जन्मभर प्रत्येक ताटावरून त्यांना बोलावणं आलं असतं.

बाई जवळ आल्या. मालक आपल्याकडेच बघताहेत हे त्यांना कळत होतं. खालच्या आवाजात म्हणाल्या, "मामा… एकच. जरा हळू मारा."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी नजर पट्ट्याकडे वळवली.

मामांनी हातोडा उचलला आणि मालकांच्या रिकाम्या हातात दिला. एका हातात माइक, दुसऱ्यात हातोडा घेऊन मालक तसेच उभे राहिले.

"मामा, अहो मामा," सुपरवायझर ओरडत होता, "निदान कुठं मारायचं ते तरी सांगून जा!"

मामा खुर्च्यांच्या रांगांमधून वाट काढत दाराशी गेले आणि बाहेर पडले.