सुलभाची होडी आणि आमची मजबुती

आमच्या घराच्या गच्चीवर एक शर्यतीची होडी आहे आणि तिच्यावर आई कांदे पसरते.

चाकणमध्ये कांदा कुठेही दिसला तरी कोणी दचकत नाही. होडी दिसली की मात्र पाहुणा चहाचा कप खाली ठेवून विचारतो, "हे काय?" मग सुलभा, म्हणजे माझी बायको, शांतपणे म्हणते, "ह्यांना विचारा." आणि आत निघून जाते. त्यामुळे ही हकिगत मी आजवर इतक्यांदा सांगितली आहे की आता मला ती सांगताना हसूही येतं. सुलभाला अजून येत नाही.

सुलभा मालवणकडची. तिचं माहेर खाडीच्या काठावर, त्यामुळे चालायच्या आधी ती वल्हं मारायला शिकली असावी. लग्न करून आली ती थेट चाकणला, जिथे पाणी टँकरने येतं! माझी नोकरी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, मेंटेनन्स खात्यात. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे स्वतःसाठी असं काही मागितलं नव्हतं. (मी विचारलंही नव्हतं. ते जाऊ द्या.)

मग एकदा कंपनीची सहल धरणावर गेली. तिथे शिडाच्या होड्यांचा एक क्लब होता. सगळ्या बायका फोटो काढत असताना सुलभा एका होडीवाल्याला म्हणाली, "मी जरा बघू?" आणि सुकाणू हातात घेऊन जी गेली ती पलीकडच्या डोंगराखाली ठिपक्याएवढी दिसायला लागली! परत आली तेव्हा केस विस्कटलेले, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि चेहरा असा की ही बाई आपल्याच घरात राहते यावर माझा विश्वास बसेना. त्यानंतर दर रविवारी आम्ही धरणावर. ती पाण्यात, मी काठावर. मला पोहता येत नाही.

क्लबची मोसमातली शेवटची शर्यत जवळ आली. शर्यतीत आपापली होडी आणावी लागते. त्या रात्री जेवताना सुलभा म्हणाली, "अहो, मला एक होडी हवी आहे." मीठ हवंय म्हणावं तसं म्हणाली, पण वाढायचा हात मध्येच थांबला होता. मी लगेच हो म्हणालो. ही त्या प्रकरणातली माझ्या हातून घडलेली एकमेव बरी गोष्ट.

होडी बघायला मी धाकट्या भावाला, बाळूला, सोबत घेतलं. बाळूचा भोसरीला ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना आहे. आमच्या घरात चाकं असलेलं काहीही त्याला दाखवल्याशिवाय घेतलं जात नाही. होडीला चाकं नसतात हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

पहिली होडी मला बेहद्द आवडली. रुंद, ऐसपैस, बसायला बाकडी, वर ताडपत्री. सुलभाने एक नजर टाकली. "हिच्यातून लग्नाची वरात न्या," म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

दुसरी होती हिंजवडीत, एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये. मालक आयटीतला, परदेशी निघालेला. होडी म्हणजे कॅटामरान. दोन निमुळत्या पोकळ होड्या, त्यांना जोडणारे ॲल्युमिनियमचे दोन आडवे दांडे, मध्ये ताणलेली जाळी आणि वर डोलकाठी. चालवणारा माणूस एकच. सुलभा तिच्याभोवती एक फेरी मारून जाळीवर हात ठेवून उभी राहिली. मला कळलं, झालं हिचं ठरून.

बाळू मात्र चौकशीला लागला.

"ॲव्हरेज किती देते?"

"वाऱ्यावर चालते," मालक म्हणाला.

"म्हणजे फुकट! दादा, घे. आरसी बुक?"

"नसतं."

"बसतात किती?"

"एक."

"एवढ्या सांगाड्यावर एक?" बाळूने एक टोक उचललं. ते इतक्या सहज वर आलं की तो मागेच गेला! त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "दादा, आत काहीच नाही राव. पोकळ आहे."

"हलकी आहे म्हणूनच तर पळते," मालक म्हणाला.

हे आम्हाला पटणं शक्यच नव्हतं. आमच्या घरात पातेलं असो, दाराची कडी असो की ट्रकचा फाळका, आधी हातात तोलून पाहायचं आणि जड लागलं तर "चांगला माल आहे" म्हणायचं. हलकं म्हणजे फसवलं!

टेम्पोत होडी आडवी टाकून निघालो तर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. शेजारच्या कॅबमधून एकाने काच खाली केली. "काका, पावसाळ्यात ऑफिसला जायला का? कुठे मिळाली?" सुलभा खळखळून हसली. घरी येईपर्यंत ती हसतच होती. ते हसणं मला अजून ऐकू येतं आणि म्हणून पुढचं सांगताना जरा जड जातं.

घरी आईने ओवाळलं. "ह्ये काय गं सूनबाई, येवढीशी? वाऱ्यानं उडून जाईल की!" बाळू गाडीच्या पूजेच्या सवयीने नारळ घेऊन होडीच्या नाकावर आपटणार, तेवढ्यात सुलभा मध्ये पडली. नारळ पायरीवर फुटला.

मग सुलभा भाचीच्या लग्नाला माहेरी गेली. तिथून ती परस्पर शर्यतीला येणार होती. निघताना तिने बजावलं, "होडी तेवढी धरणावर पोचवा. बाकी हात लावू नका."

"छे! मी कशाला हात लावतोय?" मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी सहज डोलकाठी हलवून पाहिली. ती हलली. मेंटेनन्सच्या माणसासमोर काही हललं की त्याला चैन पडत नाही. त्यात माझ्या डोळ्यांसमोर ते अख्खं धरण, मध्यभागी सुलभा एकटी, आणि काठावर मी, पोहता न येणारा. मी बाळूला फोन लावला.

"बाळू, एखादा सपोर्ट देता येईल का रे?"

"एखादा? दादा, वहिनी बसणार आहे त्याच्यावर!"

होडी भोसरीला गेली. आधी ॲल्युमिनियमच्या दांड्यांच्या जागी लोखंडी चॅनल आले. मग चॅनल पेलायला फायबरला भोकं पाडून आतून पट्ट्या बसल्या. वहिनी पडू नये म्हणून भोवती रेलिंग! पाठ दुखू नये म्हणून टेकायला कठडा! करंगळीएवढ्या दोऱ्या पाहून तर बाळूला रडूच यायचं बाकी होतं, त्याने मालाचे ट्रक बांधतात ते दोरखंड लावले. शेवटी सगळ्याला पिवळा पावडर कोट आणि मागे लाल रिफ्लेक्टर. (रात्री धरणात मागून कोणी धडकू नये!) मधल्या काळात सुलभाचा मेसेज आला, "होडी बरी आहे ना?" मी लिहिलं, "एकदम मजबूत." तिने उत्तरादाखल नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. मी त्यावर अंगठा पाठवला.

शर्यतीच्या सकाळी सुलभा धरणावर पोचली तेव्हा तिची होडी हायड्रा क्रेनला लटकून खाली उतरत होती. बाकीचे लोक आपापल्या होड्या दोघा-दोघांनी उचलून पाण्यात नेत होते.

"अहो," ती म्हणाली, "हे काय आहे?"

"मजबूत केली."

तिने रेलिंगवरून हात फिरवला. रिफ्लेक्टर पाहिले. सुलभाच्या तोंडी मालवणी फक्त फार रागात येते. "ती होडी आसा," ती हळूच म्हणाली, "टेम्पो न्हय!"

बाळू माझ्या मागे सरकला.

काढायला आता वेळ नव्हता. काही जोड तर बाळूने वेल्डच केले होते. मला वाटलं, ती आता घरी चला म्हणेल. पण तिने पदर खोचला, लाइफ जॅकेट चढवलं आणि त्या पिवळ्या पिंजऱ्यात जाऊन बसली.

भोंगा वाजला. सगळ्या होड्या सुटल्या. आमची तिथेच! वारा आला, शिडाला भेटला आणि निघून गेला. दोरखंड कप्पीत अडकून बसला, त्यामुळे शीड ना धड वर, ना खाली. होडी स्वतःभोवती सावकाश एक प्रदक्षिणा घालून मूळ जागी आली. ती बुडाली असती तर निदान अपघात म्हणता आलं असतं. पण बाळूचं काम पक्कं, बुडते कसली!

आई काठावरून कौतुकाने बघत होती. "आपली सुलभा कशी सावकाश नेती बग. बाकीची उगाच पळत्यात."

बाकीच्यांची शर्यत संपली, वडापाव झाले, तरी सुलभा पहिल्या वळणाच्या अलीकडेच होती. शेवटी क्लबची मोटरबोट तिला ओढायला गेली. इंजिनाने जीव खाऊन ओरडून पाहिलं, काही हलेना. मोटरबोटवाल्याचा आवाज काठापर्यंत आला, "ताई, आधी नांगर तर उचला!"

"नांगर नाहीये माझ्याकडे!"

लोक पोट धरून हसले. मीसुद्धा हसलो असतो, पण सुलभा काठाकडे बघत नव्हती. ती दूर, जिथे इतरांच्या होड्या जाऊन आल्या होत्या, तिकडे बघत होती.

परतताना गाडीत ती म्हणाली, "मला पाण्याची भीती वाटत नाही हो. तुम्हाला वाटते. ती तुम्ही माझ्या होडीला का वेल्ड केलीत?"

सपोर्ट लावण्यापेक्षा "मला काळजी वाटते" एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. पण ते आमच्या घरात कोणाला म्हणता येत नाही, म्हणून आम्ही बोल्ट आवळतो.

बाळूने सगळं पुन्हा सोडवलं. पण भोकांपासून फायबर तडकत गेलं आणि होडी कायमची गच्चीवर आली. जाळीखालून वारा खेळतो म्हणून आईने तिच्यावर कांदे पसरले. एकही नासला नाही. ते पाहून बाळूला शेजारच्या दोघांनी तसाच कांद्याचा मांडव बांधायला सांगितला.

आम्ही अजून रविवारी धरणावर जातो. क्लबची एखादी होडी रिकामी असली तर सुलभा पाण्यात जाते. नसली तर माझ्याशेजारी बसून शेंगा सोलते आणि वारा कुठून आहे ते सांगते. अशाच एका रविवारी मी धीर करून म्हणालो, "आणखी एक होडी बघू या का?"

"बघू या," ती म्हणाली. "पण निवडणार मी, ठेवणार इथे क्लबात. तुम्ही आणि भाऊजी ती फक्त फोटोत बघायची."

मी दोन्ही हात वर करून कबूल केलं. परवा तिने फोटो पाठवला. सुरेख होडी आहे, पांढरीशुभ्र. मी मनापासून छान म्हटलं, अंगठाही पाठवला.

मग फोटो मोठा करून पाहिला. तुम्हाला म्हणून सांगतो, डोलकाठी जरा बारीकच वाटते!